तानीबाई आणि पाकोळी घळीतले विंचू

तानीबाईची व माझी ओळख निपाणीतील एका तंबाखूच्या वखारीत झाली. आम्ही दोघी एकाच चाळणीच्या दोन बाजूंना बसत असू. तोंडावर पदर घट्ट बांधलेला असल्यामुळे कित्येक दिवस मी तिला केवळ डोळ्यांवरून ओळखत होते. पुढे आमच्या वस्तीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा तेथेही ती माझ्या शेजारी येऊन बसली. माझे शिक्षण त्या वर्गात सुरू झाले आणि तिचे तेथेच थांबले, कारण पाटीवर मान वाकवली की तिला खोकल्याची उबळ येई. तिच्याविषयी मी जे पाहिले, आणि तिने व तिच्या यजमानांनी मला वेळोवेळी जे सांगितले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

तानीबाई मूळची उचगावची. ती लहान असतानाच तिच्या वडिलांनी धम्म स्वीकारला आणि घरातले देव टोपलीत घालून ओढ्याला सोडून दिले. त्या दिवसापासून त्या घरात नवस बंद झाला, अंगारा बंद झाला. लग्न होऊन ती निपाणीला आली. तिचे मालक देवाप्पा हे वखारीत हमाल होते. पाठ रुंद, बोलणे थोडे, आणि हसू आले की ते मान खाली घालून हसत. त्यांना एक मुलगी झाली. तिचे नाव अंजना.

एकाहत्तर साली, उन्हाळ्याच्या अखेरीस, अंजना परसातल्या ढिगातून चुलीसाठी शेणी काढावयास गेली आणि तिच्या हाताला तांबडा विंचू चावला. तानीबाई त्या वेळी वखारीत होती. ती धावत घरी पोहोचली, तोपर्यंत पोरीचे अंग घामाने थंड पडले होते. देवाप्पांनी तिला खांद्यावर घेतले आणि दवाखान्याची वाट धरली. दिवेलागण होण्यापूर्वी ते पोरीला तशीच खांद्यावर घेऊन परत आले. तेव्हा अंजना नुकतीच शाळेत जाऊ लागली होती.

शेजारणी समजूत घालण्यास आल्या. त्यांतली एक म्हणाली, "तानाक्का, चांदीचा इंचू करून डोंगरावरच्या देवीला वाहा. परत घरात शिरायचा न्हाय."

"आमच्यात आता ते न्हाय," तानीबाई म्हणाली.

"मग काय करनार?"

या प्रश्नाचे उत्तर तिला वखारीत मिळाले. आमच्या वखारीत पाल दिसत नसे, झुरळ दिसत नसे, मुंगीसुद्धा फिरकत नसे. ज्या हवेत आम्ही बायका दिवसभर बसत होतो, त्या हवेत किडामुंगी जगत नव्हती. तानीबाईने हे पाहून ठेवले. संध्याकाळी झाडलोट झाल्यावर केरात जी भुकटी जाई, ती कोणाच्याही उपयोगाची नव्हती. तिच्यातली मूठभर ती पदराच्या टोकाला बांधून घरी नेऊ लागली. उंबऱ्याशी, अंथरुणाखाली, शेणीच्या ढिगाभोवती, सर्वत्र तिने भुकटी पसरली. घरी पाहुणा आला की शिंकत बाहेर पडे. वस्तीच्या तोंडाशी चहाचे दुकान असलेला गुंडू सर्वांना सांगे, "तानाक्काच्या घरी जावा, चा मिळंल न मिळंल, तपकीर फुकट." तिच्या घरात पुन्हा विंचू दिसला नाही, आणि तिला तेवढेच हवे होते.

काही वर्षांनी देवाप्पांच्या पाठीवर वखारीतली पोत्यांची थप्पी कोसळली. हाड मोडले नाही, पण पाठ कायमची गेली. त्यांना ओझे उचलता येईना आणि फार वेळ ताठ बसवेना. कोठेही गेले की थोड्या वेळाने जमिनीवर सपाट उताणे पडावे लागे. धडधाकट माणसाने असे घरी पडून राहणे त्यांना फार लागले. त्यांनी तोंडाने कधी बोलून दाखविले नाही, पण त्यांचे मान खाली घालून हसणे बंद झाले.

निपाणीपासून काही अंतरावर डोंगरात पाकोळीची घळ म्हणून एक गुहा आहे. आत शिरले की वाट खाली उतरते, वटवाघळे लटकलेली असतात, आणि एका कोपऱ्यात खडकातून थेंब थेंब पाणी गळते. बेळगावच्या एका कॉलेजातले सर उन्हाळ्यात बॅटरी घेऊन त्या घळीत हिंडत असत. ते बेळगावातच अनगोळला राहत. त्यांना त्या घळीत एक विंचू सापडला. तो फिकट, वाळल्या गवताच्या रंगाचा, बोटाच्या दोन पेरांएवढा होता, आणि त्याला डोळे जवळजवळ नव्हतेच. असा विंचू आपण दुसऱ्या कोणत्याही गुहेत पाहिला नाही, असे सर म्हणत. मध काढणारे लोक घळीत धूर करीत, गुराखी पोरे दिसेल त्याला दगडाने ठेचत, म्हणून सरांनी खटपट करून कॉलेजतर्फे तेथे एक राखणदार ठेवण्याचे ठरविले. बसून राहणारा माणूस हवा होता, ओझे उचलणारा नको होता. ते काम देवाप्पांना मिळाले.

गुंडूच्या दुकानात ही बातमी पोहोचण्यास वेळ लागला नाही.

"काय देवाप्पा, कशावर बसीवलंय तुला? खजिन्यावर?"

"इंचवावर."

"आरं, लोकं शेळ्या राखत्यात, कोंबड्या राखत्यात. इंचू राखनारा तूच पयला! सांजचं हाकून आत कोंडतोस, का तसंच सोडतोस?"

"त्येंची त्येंची जात्यात," देवाप्पा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी मान खाली घालून हसले.

तानीबाई मात्र हसली नाही. घरी आल्यावर तिने चुलीकडे तोंड करून विचारले, "ज्येनं पोर न्हेली, त्येच्या दारात जाऊन बसनार तुम्ही?"

"ह्यो त्यो न्हवं, तानी. त्यो तांबडा. ह्यो फिकट, आंधळा हाय बिचारा. सर म्हनत्यात, मुंगी चावल्यागत हुतंय."

"सरांची पोर गेली न्हाय."

देवाप्पा जमिनीवर उताणे पडले. मग म्हणाले, "बरं. मग पोतं उचलाय सांग. उचलतो."

तिने भाकरी ताटात वाढली.

तेव्हापासून तिचा दिवस लांबला. वखार सुटली की घरी न येता ती तशीच डोंगराची वाट धरी, कारण उतारावर देवाप्पांना आधार लागे. घळीच्या तोंडाशी पोहोचली की रोज एकच दृश्य तिच्या दृष्टीस पडे: मालक खडकावर घोंगडे टाकून उताणे पडलेले, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, आणि तळवे उघडे. त्या उघड्या तळव्यांकडे पाहून तिला अंजनाचा हात आठवे. देवाप्पा काठी, किटली आवरेपर्यंत ती कळशी घेऊन आत गळक्या पाण्याकडे जाई, आणि जाता येता पदराची गाठ सोडून भुकटी टाकीत राही. घोंगड्याच्या जागी, खडकाच्या फटींत, आत जाणाऱ्या वाटेच्या कडेने. विंचू मरावेत असा तिचा हेतू नव्हता. ते आत, आणखी आत सरकतील आणि तेथेच राहतील, अशी तिची समजूत होती. घरातले विंचू असेच कोठेतरी दुसरीकडे गेले, असे ती धरून चालली होती.

देवाप्पांना तेथे सतत शिंका येत. "ह्या वटवागळांच्या घाणीनं नाक गेलं माझं," असे ते म्हणत. तंबाखूचा वास कोणाच्याही ध्यानात आला नाही. आमच्या बाजूच्या हवेलाच तो वास आहे; एसटीतून उतरणाऱ्या परक्या माणसाला तो येतो, आम्हाला येत नाही. तानीबाईच्या अंगाला तर तो जन्मभर होता.

उतरताना देवाप्पा तिला दिवसभराची हकीगत सांगत. "आज एक भिंतीवर आलतं. लई येळ हललंच न्हाय. मी बी हललो न्हाय. बघू म्हटलं कोन दमतंय."

"कोन दमलं?"

"मीच."

अशी काही वर्षे गेली. मग हकीगत कमी होत गेली. आधी ते म्हणत, "आज न्हाय दिसलं." पुढे तेही म्हणेनासे झाले.

एका उन्हाळ्यात सर आले. बराच वेळ आत राहिले आणि कपाळावरचा घाम पुशीत बाहेर आले. तानीबाई नुकतीच वर पोहोचली होती आणि कळशी घेऊन बाजूला उभी होती.

"देवाप्पा, आत धूर केला होता का कोणी?"

"न्हाय सर."

"मध काढणारे?"

"कुनी पाऊल ठेवलं न्हाय."

"मग विंचू गेले कोठे? एकही नाही. तुम्ही इथे झोपून असता, असे खाली लोक सांगतात."

"पडून असतोय सर, पाठीनं. झोपत न्हाय."

सरांचा स्वर रागाचा नव्हता. प्रवासाने आणि वयाने तेही थकले होते. "पुढच्या उन्हाळ्यात मी येईन," ते म्हणाले. "तेव्हाही दिसले नाहीत, तर राखण कशाची चालली आहे, हे मी कॉलेजात काय सांगू?"

देवाप्पांनी मान खाली घातली, पण ते हसण्यासाठी नव्हे. तानीबाईला वाटले होते की विंचू नाहीत हे ऐकून आपले मन निवेल. ते निवले नाही.

त्यानंतर देवाप्पा रोज कंदील घेऊन आत रांगत जाऊ लागले. ती मोडकी पाठ घेऊन फटीफटीत डोकावत. गुंडूनेही थट्टा फिरविली. "राखनदारानंच इंचू पळीवलं म्हनं! कुठं इकलंस रं?" या वेळी देवाप्पा न थांबता पुढे गेले. घरी येताना ते एवढेच म्हणाले, "एक बी राखन जमली न्हाय मला, तानी." त्यांनी अंजनाचे नाव घेतले नव्हते, पण तानीबाईला दुसरे काही ऐकू आले नाही.

आणि मालक आता आत रांगतात, या भीतीने ती भुकटी आणखी आत टाकू लागली.

त्याच पावसाळ्यात तिची छाती भरली. वखारीतल्या बहुतेक बायकांची ती गत होते. कोणाची लवकर, कोणाची उशिरा. डॉक्टरांनी वखारीचे नाव काढू नका म्हणून बजावले. ती घरी पडून राहिली. पाऊस सरला, दिवाळी गेली, थंडी आली, तरी तिला अंगणापलीकडे जाववत नव्हते. मी सुटी झाल्यावर तिच्याकडे बसावयास जाई. "मालक एकटंच उतरत्यात गं," एवढी एकच काळजी ती पुन्हा पुन्हा बोलून दाखवी. पदराला गाठ नव्हती; त्यामुळे तिला झोप लागत नसे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती उठून हिंडू लागली आणि पहिल्याच दिवशी डोंगर चढण्यास निघाली. जाताना ती वखारीच्या दारापाशी थांबली. मी केर टाकीत होते. तिने पदर पसरला आणि मी त्यात मूठभर भुकटी टाकली. ती घरात टाकण्यासाठी नेते आहे, अशीच माझी कल्पना होती.

ठिकठिकाणी बसत, दम घेत ती वर पोहोचली. देवाप्पा उभे होते. त्यांनी तिला पाहून हात वर केला आणि हळू ये म्हणून खूण केली.

"हिकडं ये. पाय वाजवू नगंस."

आत, गळक्या पाण्याच्या अलीकडे, त्यांनी कंदील खाली धरला. खडकाच्या पोटाशी एक फिकट विंचवीण निश्चल बसली होती. तिच्या पाठीवर पांढरी पिल्ले होती. एकमेकांत पाय गुंतवून ती अशी दाटीवाटीने बसली होती, की पाठ दिसत नव्हती. देवाप्पा कुजबुजले, "थंडीत एक दिसलं. मग आनि एक. आता ही बघ. पडतील म्हनून पाऊल बी टाकत न्हाय ती."

तानीबाई पाहत राहिली.

देवाप्पांना बऱ्याच दिवसांनी थट्टा सुचली. "तू आजारी पडलीस आन् ही परत आली. तुझ्याच पायगुनानं गेलती म्हनायची!"

ते हसत होते. तानीबाई खाली बसली. तिने पदराचे टोक मांडीवर घेतले आणि गाठ सोडली.

"ह्येच्यानं गेलती," ती म्हणाली.

देवाप्पांनी कंदील जवळ आणला. त्यांना शिंक आली. त्यांनी घोंगड्याच्या जागेकडे पाहिले, फटींकडे पाहिले, पुन्हा तिच्या मांडीकडे पाहिले.

"कवापास्नं?"

"तुम्ही हितं बसलासा, तवापास्नं."

"का?"

"तुमचं हात उघडं असत्यात," ती म्हणाली. यापेक्षा नीट तिला सांगता आले नाही.

देवाप्पा म्हणाले, "आन् मी वटवागळांस्नी शिव्या देत हुतो." मग त्यांनी काठी घेतली आणि तिच्यासाठी न थांबता ते एकटेच उतरू लागले. लग्नापासून असे कधी झाले नव्हते. तिने भुकटी पुन्हा गाठीत बांधली. ओढ्यात टाकावी, तर मासे होते. माळावर टाकावी, तर मुंग्यांची वारुळे होती. शेवटी ती घरी घेऊन आली आणि एका डब्यात घालून तिने झाकण लावले.

पुढचे काही दिवस त्या घरात जेवणापुरतेच बोलणे होते.

सर आले तेव्हा तानीबाई मुद्दाम वर गेली होती. सर आतून बाहेर आले. त्यांचा चेहरा उजळला होता. "परत आले की! पण गेले होते का, हे समजायला हवे."

"माझंच चुकलं सर," देवाप्पा घाईने म्हणाले. "लक्ष न्हवतं माझं."

"खोटं बोलत्यात," तानीबाई मागून म्हणाली. "त्येंचं लक्ष हुतं. मी तंबाखू टाकत हुते."

तिने सर्व सांगितले. अंजनाचेही सांगितले. ते सरांना आजवर कोणी सांगितले नव्हते. सर घोंगड्यावर बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत. मग म्हणाले, "बाई, वटवाघळांनी विंचू खाल्ले असतील, म्हणून मी त्यांना दोष देत होतो."

"आमचं मालक बी," ती म्हणाली.

यावर देवाप्पा मान खाली घालून हसले, आणि तिच्या छातीवरचा दगड निम्मा उतरला.

त्या दिवशी तिघांनी मिळून घळीतली वरची माती हलक्या झाडूने गोळा केली आणि टोपलीने बाहेर काढली. सर आपल्या पांढऱ्या सदऱ्याची पर्वा न करता टोपली उचलीत होते. शिंका तिघांनाही येत होत्या.

कोणी म्हणेल, येथे सर्व नीट झाले. तानीबाईसाठी तसे नव्हते. भीती गेली नव्हती. भीतीवरचा उपाय गेला होता. ती रोज रिकाम्या पदराने डोंगर चढे. उताण्या पडलेल्या मालकांचे उघडे तळवे पाही, आणि तिचा हात आपोआप पदराच्या टोकाकडे जाई. तेथे काही नसे. मग ती ते टोक नुसतेच मुठीत धरून उभी राही.

एका संध्याकाळी, तिच्या डोळ्यांसमोर, घोंगडे उचलताना देवाप्पांच्या बोटाला विंचू चावला. तिने कळशी टाकली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"बघ. मुंगीच हाय," देवाप्पा म्हणाले.

"गप बसा."

"आगं, खरंच."

"गप बसा म्हटलं न्हवं?"

ते गप्प बसले. ती त्यांच्या कपाळावर घाम येतो का ते पाहत राहिली. ऊन डोंगरावरून सरकले, पाखरे झाडांवर परतली, वटवाघळे घळीतून बाहेर पडू लागली. बोट थोडे सुजले आणि तेवढेच राहिले. तिने हात सोडला नाही. त्याच स्थितीत, एकमेकांचा हात धरून, दोघे हळूहळू खाली उतरली. वाटेत गुंडूच्या दुकानावरून जाताना तो ओरडला, "काय देवाप्पा, ह्या वयात हात धरून?" देवाप्पा म्हणाले, "सोडत न्हाय रं ती." तानीबाईने गुंडूकडे पाहिलेसुद्धा नाही.

पुढे सर निवृत्त झाले आणि कॉलेजने राखण बंद केली. देवाप्पा तरीही काही दिवस सवयीने वर जात राहिले. सत्याऐंशी साली थंडीच्या दिवसांत ते तापाने गेले. तापच होता, दुसरे काही नव्हते. तानीबाईने हे मला स्वतःहून सांगितले, आणि सांगताना तिच्या आवाजात एक प्रकारचा थकलेला निवांतपणा होता.

ती मग डोंगर चढू शकली नाही. तिचा श्वास अंगणातच संपे. परंतु घळीकडे आता कोणीही जाऊ लागले होते. गुराखी, सहलीची पोरे, सावलीला बसणारे वाटसरू जात, आणि आमच्या बाजूचा माणूस म्हणजे त्याच्या खिशात, कनवटीला किंवा तोंडात तंबाखू असावयाचीच. एके दिवशी मी वर्गाहून परतताना तिच्या अंगणात थांबले. माझ्या हातात पाटी होती. तिने पाटीकडे बराच वेळ पाहिले, खोकल्याची उबळ जाऊ दिली, आणि मग म्हणाली,

"मनुबाई, तुला लिव्हाय येतंय. माझं एक काम कर. घळीच्या तोंडाला दगड हाय बघ मोठा, त्येच्यावर रंगानं लिवून ये, की आत तंबाखू न्हेऊ नका. मोठी अक्षरं काढ. आन् खाली कुनाकडनं तरी कानडीत बी लिवून घे."